रिकामा आलेला डबा

बसवकल्याणात अक्कम्माच्या हातची शेंगाची पोळी ज्यानं खाल्ली न्हाई, असं घर तिच्या गल्लीत सापडायचं न्हाई. डबा जायचा भरून अन् यायचा पण भरून. काहीच नसलं घरात, तर मूठभर साखर तरी. रिकामा डबा परत आला म्हणजे जाणंयेणं संपलं, हे सगळ्यांना न सांगता कळायचं.

म्हणून लेकीनं, शैलश्रीनं, जर्मनीहून व्हिडिओ कॉलवर डबा दाखवला तेव्हा अक्कम्माचं काळीज चर्र झालं. पार्सलनं धाडलेल्या पोळ्यांतल्या काही त्यात भरून लेकीच्या शेजारणीला, क्रिस्टाबाईला, अक्कम्मानंच मुद्दाम द्यायला लावल्या होत्या. डबा लखलखीत घासलेला, अन् आत नुसतं आभाराचं कार्ड.

"भांडण झालं व्हय गं?"

"न्हाई अव्वा. हितं असंच देतेत."

त्या देशाचं अक्कम्माला भारी नवल. रविवारी भिंतीत खिळा ठोकला की शेजारी रागावणार. केळाची साल चुकीच्या बादलीत पडली की दारावर चिठ्ठी. अन् चहाला यायचं तर तीन आठवडे आधी तारीख ठरवायची, आता बोला. "मग चहाची तल्लफ पण सांगून येती का?" असं तिनं एकदा विचारलं होतं, अन् खरंच उत्तराची वाट बघत बसली होती.

आज मात्र तिला हसू येईना. शैलश्रीचा सातवा सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे अक्कम्मानं धरूनच ठेवलेलं. शैलश्री म्हणत होती तिथंच राहते. जावई कामासाठी अर्धा महिना परगावी, अन् गुडघ्याच्या ऑपरेशनमुळं अक्कम्माला जाता येत नव्हतं. ह्या आठवड्यात निघाली न्हाई तर पुढं डॉक्टर विमानात बसू देणार नव्हते. वेळेला शेजारीण धावून येईल का, एवढं बघायलाच तो डबा धाडला होता.

"तिकीट काढ," अक्कम्मा म्हणाली. "जिला चिमूटभर साखर टाकायचं सुचलं न्हाई, ती तुला कळा सुटल्यावर काय येणार? तारीख मागंल."

शैलश्री कॉल चालू ठेवूनच उठली. फोन हातात घेऊन शेजारी गेली. दारात उभी राहून आधी मेसेज केला, मग बेल वाजवली. सत्तरीची, आखूड पांढऱ्या केसांची क्रिस्टाबाई बाहेर आली. आईचं म्हणणं शैलश्रीनं तिच्या भाषेत सांगितलं, तशी ती आत जाऊन भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन आली. चौकोनाचौकोनात बारीक अक्षरं: दाताचा डॉक्टर, पोहणं, केस कापणं. तिनं दोन पानं उलटली. तिथं सलग तीन आठवड्यांवर लाल रेघ होती, अन् रेघेवर एकच शब्द.

"काय लिवलंय गं?"

"माझं नाव." शैलश्रीनं रेघेवर बोट ठेवलं. "बहिणीकडं जाणार होती ती. दरवर्षीचं ठरलेलं. माझ्यासाठी रद्द केलंय, अन् मला बोलली पण न्हाई."

अक्कम्मा त्या लाल रेघेकडं बघत राहिली. पोरगी आता येत न्हाई हे तिला कळलं, अन् लई वाईट वाटलं. भीती मात्र उरली न्हाई.

"पोळी आवडली का विचार तिला."

"आवडली म्हणायलीय."

"मग तुझ्यातल्या उरलेल्या भरून दे. अन् डबा परत मागू नको," अक्कम्मा म्हणाली. "ऱ्हाऊ दे तिच्याकडंच."