हाफियामामीची नक्षी

आमच्या कोसिव्हकडच्या डोंगरात ओनुफ्रीमामा आणि हाफियामामीच्या लाकडी थाळ्यांना तोड नव्हती. मामानं लेथवर थाळी कातायची, मामीनं तिच्यावर नक्षी कोरायची. लग्न झाल्यापासून हीच वाटणी.

पानगळीत मामीला अर्धांगाचा झटका आला आणि तिचा उजवा हात लुळा पडला. मामा आपला कातत राहिला. कोऱ्या थाळ्यांची चळत वाढत चालली, तशी मामी एक दिवस भडकली.

"ह्या काय माझ्या थडग्यावर रचणार आहेस? घे पटाशी."

"मला कुठं जमतंय? माझे हात म्हणजे अस्वलाचे पंजे."

"अस्वल पोळ्यातून मध काढतंच की! बस इथं."

मी त्यांची शेजारीण. हिवाळाभर दूध द्यायला गेले की मामीचा आरडाओरडा कानी पडायचा. "मेल्या, रेघ ओढतोयस की नांगर?" बिघडलेली थाळी ती डाव्या हातानं सरळ चुलीत टाकायची. मामा निमूट दुसरी घ्यायचा. जन्मभर लाकूड त्याच्यापुढं गरगर फिरलं होतं. आता ते गप्प पडून असे आणि त्यालाच मान वाकडी करून त्याच्याभोवती फिरावं लागे.

बर्फ वितळायला लागलं तेव्हा नासपतीच्या लाकडाच्या एका थाळीवर त्यानं सूर्य कोरला. मामीनं किरणांवरून डावा अंगठा फिरवला. आम्ही दोघं शिवीची वाट बघत होतो.  मामी थाळी पोटाशी धरून नुसती बसून राहिली. मामा माझ्याकडं बघून लहान पोरासारखा हसला.

ईस्टरच्या आधीच मामी गेली. थाळी तिच्याबरोबर पेटीत ठेवा, असं कुणी तरी म्हणालं.

"मातीत कशाला?" मामा म्हणाला. "सणाची गोड पोळी तिला आशीर्वादासाठी हिच्यातून देवळात न्यायची होती."

ईस्टरला ती पोळी त्यानंच नेली. देवळाच्या अंगणात बायका थाळीभोवती जमल्या.

"हाफियाचं शेवटचं काम ना हे? काय हात होता बाईचा!"

मी तोंड उघडणार, तोच मामानं माझं कोपर दाबलं.

"हो, तिचंच," तो म्हणाला.

घरी येताना वाटेतल्या कुंपणाला धरून तो एकदम थांबला. खांदे गदगदत होते.

"हात तिचा नाही, हे ओळखू आलं नाही गं त्यांना," तो म्हणाला. "एकीलासुद्धा ओळखू आलं नाही. आणि हे जाऊन सांगू कुणाला?"