हेराची जीप आणि जोडलेली दारं

मित्रांनो, तुम्ही मला पडद्यावर नक्की पाहिलं असेल, पण नंतर मी तुमच्या लक्षात राहिले नसेन. लोकांना हेर लक्षात राहतो, त्याचा काळा चष्मा लक्षात राहतो. तो ज्या गाडीतून पळाला ती कोण विचारतो? मी ती गाडी. मी एक जुनी लष्करी जीप आहे.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझ्या अंगावर शेवाळी रंग होता आणि पोटात दांडगं इंजिन. सीमेवरच्या एका चौकीत माझी नेमणूक झाली. तिथे रस्ता असा नव्हताच. दगडगोटे, ओढे आणि उभा चढ. मी पीठ, रॉकेल आणि औषधं वर न्यायचे आणि आजारी जवानांना खाली आणायचे. माझा चालक मला ‘म्हातारे’ म्हणायचा, मी नवीकोरी असतानासुद्धा. चढ संपला की तो बॉनेटवर थाप मारून म्हणायचा, “चल म्हातारे, पोचलो बघ.” एवढ्या शाबासकीवर मी पुढचा चढ चढायचे.

मग नव्या गाड्या आल्या, माझा लिलाव झाला आणि एका सिनेमा कंपनीने मला घेतलं.

तिथलं जगणं अजब होतं. आज वाळवंटी रंग, उद्या बर्फाळ. एका सिनेमात मी हेराची, तर दुसऱ्यात त्याच्या शत्रूची. माझ्यावर लाकडी तोफासुद्धा बसवल्या. खरं सांगते, सुरुवातीला मला त्याचा अभिमान वाटायचा. भिंतीभिंतीवर माझं चित्र लागायचं. पण हळूहळू कळलं, की इथे माझ्या मनाने काही नाही. जिथे खूण केली तिथे थांबायचं, सांगितलं की पडायचं, पोचे ठोकून घेऊन पुन्हा पडायचं.

या सगळ्यात माझी माणसं म्हणजे दोन भावंडं. बहीण गाड्यांच्या कसरती करायची. चणीने एवढीशी, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. मोठमोठ्या नायकांच्या जागी गाडी चालवायची हीच, डोक्यावर टोप आणि ओठावर खोटी मिशी चिकटवून. मिशीच्या गोंदाने तिला खाज सुटायची, पण कॅमेरा चालू असताना तिने मिशीला कधी बोट लावलं नाही. तिचा थोरला भाऊ त्याच कंपनीत वेल्डर होता. तो मितभाषी होता, पण कामाचा पक्का. “माझा जोड तुटायचा नाही,” असं तो म्हणायचा, आणि ते खरं होतं.

एका सिनेमात हेर शत्रूची बंद गाडी पळवतो, दलदल ओलांडतो आणि समोरचा काठ चढून जातो, असा प्रसंग होता. मला वरून पत्र्याचं छत बसवलं, समोरच्या काचेला आणि खिडक्यांना जाळ्या ठोकल्या. सरावात माझी दारं धक्क्याने उघडत होती. दिग्दर्शकसाहेब वैतागले. वेल्डरला म्हणाले, “जोडून टाक ती दारं. आत शिरायला मागचं दार आहे की.”

“साहेब, मागचं दार फक्त बाहेरून उघडतं,” तो म्हणाला.

“दोन मिनिटांचा शॉट आहे. ती काय आत संसार थाटणार आहे?”

सगळे हसले. वेल्डरने बहिणीकडे पाहिलं. ती म्हणाली, “जोड रे दादा. काठ चढला की तूच उघड.” त्याने दारं जोडली. ध्वनी सांभाळणाऱ्याने, मध्येच वाजायला नको म्हणून, माझ्या भोंग्याची तार आधीच काढून ठेवली होती. चिमणी मागून आत आली, दार बाहेरून लागलं आणि आम्ही निघालो.

दलदल मी पार केली. असल्या चिखलाचं मला काय! काठावर पुढची चाकं टेकली, नाक वर झालं, आणि मागची माती सरकली. मी मागे घसरले. माझं बूड चिखलात गेलं, नाक आभाळाकडे. मागचं दार पार गाडलं गेलं. इंजिन गचके देऊन बंद पडलं आणि फटींमधून चिखल आत येऊ लागला.

चिमणीने भोंगा दाबला. मी मुकी. तिने जोडलेल्या दारांवर लाथा मारल्या. ती जिवाच्या आकांताने ओरडत होती, पण काठावर वाऱ्यासाठी लावलेला भलामोठा पंखा घरघरत होता. मी डोंगर चढलेली गाडी, मित्रांनो, आणि माझ्याच पोटात एक मुलगी अडकली होती. मी तिचा पिंजरा झाले होते. मला जागचं हलताही येत नव्हतं.

काठावर दिग्दर्शकसाहेब खुशीत होते. “कॅमेरा थांबवू नका. बघा, काय जीव ओततेय.”

चिखल तिच्या छातीपर्यंत आला. ती कशीबशी खिडकीपाशी सरकली आणि तिने तोंड जाळीला टेकवलं. मग एका झटक्यात ओठावरची मिशी उपटून काढली.

ते फक्त एकाने ओळखलं. “तिनं मिशी काढली,” वेल्डर म्हणाला. “शॉट नाही हा. बंद करा तो पंखा.” आणि उत्तराची वाट न पाहता पहार घेऊन त्याने चिखलात उडी टाकली.

त्याने स्वतःच्या जोडात पहार घातली. जोड ढिम्म हलेना. त्याने पुन्हा जोर लावला. त्याचे हात सोलले, पण जोड काही सुटेना. आयुष्यभर ज्या कामाची त्याने शेखी मिरवली, तेच आज त्याच्या बहिणीच्या जिवावर उठलं होतं.

“दादा, बिजागरी बघ,” आतून चिमणीचा आवाज आला. “गंजलीय ती.”

माझ्या बिजागऱ्यांना गंज चढलेला होता. रंगाचे थर देऊन तो सगळे लपवत आणि मलाही त्याची लाज वाटायची. वेल्डरने पहार तिथे घातली. वरची बिजागरी कटकन तुटली. खालची फाटतच आली. दार एका अंगाने उलगडलं आणि त्याने बहिणीला काखेत हात घालून बाहेर ओढलं. दोघं काठावर चिखलाचे पुतळे होऊन बसली. तो रडत होता. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “झालं रे. आले ना बाहेर.”

मला मात्र ट्रकने ओढून काढताना माझा सांगाडा वाकला. पुन्हा धावणं संपलं. कंपनीने माझं इंजिन काढलं, चाकं काढली आणि स्टुडिओतल्या एका लोखंडी चौकटीवर मला बोल्टांनी घट्ट आवळून बसवलं. आता नट माझ्यात बसून स्टिअरिंग फिरवतात, दोघं जण फळ्या लावून मला हलवतात आणि मागच्या पडद्यावर डोंगर पळतात. मी त्यांच्याकडे पाहते. डोंगर पळतात आणि मी जागच्या जागी!

वेल्डरने मला जाळीच्या खिडक्यांची नवी दारं बसवली होती. पण उजेडात चमकतात म्हणून साहेबांनी आतल्या मुठी काढायला लावल्या. पहिल्या शॉटआधी चिमणी आली. तिने दार उघडून बघितलं आणि म्हणाली, “साहेब, जरा आत बसून दाखवता?”

ते बसले. तिने दार लावलं.

“आता बाहेर या.”

त्यांनी दार चाचपलं, ढकललं, मग खांदा लावला. मला आतून त्यांचा श्वास जोरजोरात ऐकू येऊ लागला. “चिमणे, उघड,” ते म्हणाले. तिने लगेच उघडलं. साहेब उतरले, घाम पुसला आणि खाली बघत वेल्डरला म्हणाले, “मुठी परत बसव. आणि इथल्या सगळ्या गाड्या बघून घे.”

तेव्हापासून इथल्या प्रत्येक गाडीचं दार आतून उघडतं.

मित्रांनो, माझे बोल्ट काढा असं मी म्हणत नाही. सुटून तरी मी बिनचाकांची कुठे जाणार? माझं मागणं एवढंच. खेळात असो की कामात, कुणाला कुठे बंद करायची वेळ आली, तर आधी तुम्ही स्वतः आत बसा, दार लावून घ्या, आणि बाहेर येता येतं का ते बघा. नाही आलं, तर तिथे कुणालाच बसवू नका.

चला, फळ्या लावणारे आले. आज पडद्यावर बर्फाचे डोंगर आहेत म्हणे.