बाईंच्या टिपा

ऑफिसात तिला सगळे भिंगरी म्हणत. खुर्चीत सलग दहा मिनिटं बसेल तर शपथ. कोड लिहिता लिहिता उठायची, खिडकीपर्यंत जायची, पेनाचं टोपण चावत परत यायची. आणि सध्याचं काम तर असं, की बसवतच नव्हतं. विद्यापीठाच्या सहा ग्रंथालयांच्या सहा वेबसाइट. एक प्रबंध शोधायचा तर सहा दारं ठोठावायची. भिंगरीला त्याचं एकच दार करायचं होतं. एका चौकटीत शब्द लिहा, सहाही ठिकाणचं उत्तर एकदम. उद्घाटन गुरुवारी होतं.

सोमवारी सकाळी तिने ते तीसेक संशोधकांना चाचणीसाठी उघडून दिलं. त्यांत तिची धाकटी बहीणही होती. शहरातल्या पाण्याच्या गळतीवर प्रबंध लिहीत होती. अकराच्या सुमारास तिचा फोन आला.

"ताई, तुझ्या यंत्रात कोण बसलंय गं?"

"म्हणजे?"

"जलवाहिन्यांवरचा एक जुना प्रबंध सापडला. खाली लिहिलंय, 'तक्ता तीनची बेरीज जमत नाही. वापरण्याआधी तपासा.' तपासली, तर खरंच जमत नाही! महिनाभर त्याच आकड्यांवर इमले बांधतेय मी."

भिंगरीने लगेच नोंदी उघडून पाहिल्या. सहाव्या ग्रंथालयाच्या नोंदी उचलताना तिच्या प्रोग्रामने 'टीप' नावाचा रकानाही उचलला होता. साडेतीन हजार टिपा. 'प्रस्तावना सुरेख, पुढे फापटपसारा.' 'चौथं प्रकरण तेवढं वाचा.' 'मार्गदर्शक झोपले होते.' ती खुदकन हसली, आणि हसता हसता तिला ग्रंथालयांचे संचालक आठवले. उद्घाटनाला ते आधी स्वतःचंच नाव शोधणार, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. तिने त्यांचं नाव टाकून पाहिलं.

'मेहनत खरी. निष्कर्ष घाईचा.'

बसची वाट बघण्याइतका धीर नव्हता. तीन थांब्यांचं अंतर ती जवळजवळ पळतच गेली. सहाव्या ग्रंथालयाच्या तळमजल्यावर पत्र्याची कपाटं होती, डिंकाचा वास होता आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी प्रबंधांच्या नोंदी करणाऱ्या बाई. निवृत्तीला दोन महिने उरलेल्या.

"अगं, हे सगळ्यांना दिसतंय?" बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "ते फक्त काउंटरच्या स्क्रीनवर दिसायचं. पोरं विचारतात, यातलं कुठलं वाचू? माझ्या लक्षात राहत नाही, म्हणून लिहून ठेवायचे."

"एवढे सगळे वाचलेत तुम्ही?"

"तीस वर्षं इथे बसून दुसरं काय करणार? माशा मारायला मला जमत नाही. पूस ते, आत्ताच्या आत्ता. जाता जाता तोंडाला काळं नको फासून घ्यायला."

रकाना लपवायला एक ओळ पुरली. जीव भांड्यात पडायला हवा होता, पण पडला नाही. मंगळवारी सकाळी अकरा मेल आले होते, सगळ्यांचं एकच विचारणं, टिपा कुठे गेल्या? धाकटीने तर धमकीच दिली, "रकाना परत आण, नाहीतर घरी जेवायला वाढणार नाही." भिंगरी दोनदा चहाला म्हणून खाली गेली आणि चहा न घेताच वर आली. तिसऱ्यांदा तिने लॅपटॉप उचलला आणि थेट बाईंचं टेबल गाठलं. उभ्या उभ्याच मेल वाचून दाखवले. एकाने लिहिलं होतं, 'टिपा लिहिणाऱ्यांना भेटता येईल का?'

बाईंनी चष्मा काढून पुसला. पुसलेलाच पुन्हा पुसला.

"भेटायचंय म्हणतो?"

"हो."

"मग कामाबद्दलचं ठेव, माणसांबद्दलचं काढ. पण एकेक मी बघणार."

दोघी कामाला लागल्या. भिंगरी कपाटांमधून येरझारा घालत टिपा वाचायची, बाई 'ठेव' नाहीतर 'काढ' म्हणायच्या.

"मार्गदर्शक झोपले होते?"

"काढ."

"खोटं आहे?"

"खरं आहे, म्हणूनच काढ."

बुधवारी संध्याकाळपर्यंत चारशे झाल्या; उद्घाटनाला तेवढ्याच दिसणार होत्या. संचालकांची टीप भिंगरीने मुद्दाम मागे ठेवली होती. ती तिने आता वाचली.

"हे कामाबद्दलच आहे," बाई म्हणाल्या. "बाकीच्यांना एक न्याय नि त्यांना दुसरा? ठेव."

गुरुवारी सभागृह भरलं. संचालकांनी बाह्या सारल्या आणि स्वतःचं नाव टाइप केलं. मोठ्या पडद्यावर ती ओळ साठ जणांनी एकदम वाचली. कुणीतरी खोकलं. भिंगरीचे पाय जागच्या जागी नाचत होते.

"हे कुणी लिहिलं?"

ती तोंड उघडणार, तोच मागच्या रांगेतून बाई उठल्या. "मी."

"तुम्ही माझा प्रबंध वाचलात?"

"दोनदा."

संचालक पडद्याकडे बघत राहिले. "पहिला वाचक आज भेटला," ते म्हणाले. सभागृह हसलं, ते हसले नाहीत. नंतर त्यांनी भिंगरीला बाजूला घेतलं. "घाई झाली होती, खरं आहे. पण उद्या दुसरा कुणी कोर्टात जाईल. समिती नेमतो. तोवर रकाना बंद ठेवा."

शोधयंत्र चालू झालं, लोकांना आवडलंही. रकाना मात्र तिने स्वतःच्या हाताने बंद केला. समिती म्हणजे प्रकरण थंड्या बस्त्यात, हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून दर सोमवारी ती एक पत्र पाठवू लागली. बाई निवृत्त झाल्या. पाचव्या महिन्यात, बहुधा पत्रांना कंटाळून, समिती बसली. टिपा दाखवा, पण प्रत्येकीखाली लिहिणाऱ्याचं नाव हवं.

भिंगरी तो कागद घेऊन बाईंच्या घरी गेली. बाईंनी ओले हात पुसले आणि दारातच कागद वाचला.

"नाव टाकायचं?"

"नाहीतर दिसणार नाहीत."

"टाक. आता कोण माझं काय वाकडं करणार? राहिल्यात किती?"

"तीन हजार शंभर."

"मग उभी काय राहिलीस? आत ये आणि दार लाव, डास येतात."