महेकची सीट

बाजाराच्या दिवशी जुन्नरला अनवरीच्या बांगड्यांच्या दुकानात बायकांची रीघ लागते. त्या रविवारीही लागली होती, पण अनवरीचं लक्ष हातातल्या कामात नव्हतं. तिच्या लेकीला, महेकला, शेजारच्या जिल्ह्यातल्या एका खाजगी आयुर्वेद कॉलेजात सीट मिळाली होती. दोन वर्षं नीटची परीक्षा देऊन सरकारी कॉलेज दोन्ही वेळा थोडक्यात हुकलं, तेव्हा कुठं हे हाताला लागलं होतं. फी वर्षाला साडेचार लाख, होस्टेल वेगळं. मंगळवारी पाचपर्यंत पहिला हप्ता भरायचा होता. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करून देणाऱ्या चांदनं, तिच्या नवऱ्यानं, लेण्याद्री रस्त्यावरचा प्लॉट विकायला काढून इसारही घेतला होता.

आपटाळ्याच्या वरच्या डोंगरातली चिमाबाई बांगड्या भरायला बसली. जुनं गिऱ्हाईक. अनवरी तिचा हात दाबत असताना चिमाबाईची नजर गल्ल्याजवळच्या रंगीत पुस्तिकेवर गेली. वर कॉलेजचा फोटो होता, निळ्या काचांची इमारत आणि दारात दोन दगडी हत्ती.

"भाभी, हे हत्ती मी बघितल्यात," चिमाबाई म्हणाली. "हितं मी झोपले व्हते."

"झोपले म्हणजे? आजारी होतीस?"

"न्हाई वं." चिमाबाईनं मागं बघितलं आणि आवाज खाली घेतला. "आमच्या वस्तीवर जीप आली व्हती. तपासणीवाले साहेब यायचे हायेत म्हणं, दवाखाना भरलेला दिसला पायजे. तीनशे रुपये आन् जेवाण. आमी बारा जणी गेलो. माझ्या खाटंला कागद लावला व्हता, त्यावर नाव दुसरीचंच. साहेबानं इचारलं, काय व्हतंय? मी म्हनले, पोटात दुखतंय. तसंच शिकवलं व्हतं."

"आणि खरे पेशंट?"

"मला तर एक बी दिसला न्हाई." तिनं हात सोडवून घेतला. "कुनाला सांगू नका. पैसं घेतल्यात मी."

घरी अनवरीनं हे सांगितलं तेव्हा चांद जेवत होता. त्यानं ताट सरकवलं.

"मला प्लॉट विकायला लावलास, आता डोंगरातल्या बाईचं ऐकून मोडता घालतेस?"

"अम्मी, सगळीकडं असंच असतं," महेक म्हणाली. "डिग्री एकच मिळते. युनिव्हर्सिटीची."

"उद्या आपण दोघी जाऊ. नुसतं बघून येऊ," अनवरी म्हणाली. "एवढे पैसे भरायच्या आधी बघायला काय हरकत आहे?"

सोमवारी सकाळच्या एसटीनं त्या निघाल्या आणि आळेफाट्याला गाडी बदलून साडेदहाला पोचल्या. ऑफिसमधल्या मॅडम फार गोड बोलल्या. थंडगार वर्ग दाखवले, लायब्ररी दाखवली, चहा पाजला. हॉस्पिटल बघायचं म्हटल्यावर मात्र म्हणाल्या, "तिकडं आत्ता डॉक्टरांचा राउंड चालू असतो. ॲडमिशन झाल्यावर बघालच की."

त्यांना मध्येच फोन आला. अनवरी महेकचा हात धरून बाहेर पडली ती सरळ मागच्या इमारतीकडं गेली. कुणी अडवलं नाही. वॉर्ड लांबलचक होता. खाटांवर चादरी ताणून घातलेल्या, प्रत्येक खाटेला कागद अडकवलेला. माणूस एकही नव्हता. महेक एकेका खाटेवरचं नाव वाचत पुढं चालली होती.

तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. दोघं जण एका मजुराला घेऊन आले होते. कडबाकुट्टीच्या यंत्रात त्याची बोटं गेली होती, पंज्याला गुंडाळलेलं उपरणं रक्तानं भिजून टपकत होतं. पांढऱ्या एप्रनमधली एक मुलगी धावत आली. तिनं कापसाचा गोळा हातात घेतला आणि ती तशीच उभी राहिली.

"डॉक्टर कुठायत?" मजुराबरोबरचा माणूस ओरडला.

"सर दुपारी येतात," ती म्हणाली.

अनवरीनं आपली ओढणी काढली, मनगटाच्या वर घट्ट आवळली, त्या माणसाचा हात उंच धरला. "सरकारी दवाखान्यात न्या, लवकर," ती म्हणाली. ते आल्या पावली गेले.

फरशीवर रक्त सांडलं होतं. मुलीच्या हातात कापूस अजून तसाच होता.

"तू कितव्या वर्षाला?" महेकनं विचारलं.

"थर्ड इयर." तिनं फरशीवरच्या रक्ताकडं बघितलं. "मी रक्त आलेला माणूस पहिल्यांदाच बघितला."

परतीच्या गाडीत महेक म्हणाली, "अम्मी, ती एप्रनवाली हुशार असणार गं. माझ्यापेक्षा जास्त मार्क असतील तिला."

मंगळवारी दुपारी चांद फीच्या हप्त्याचा बँकेचा फॉर्म भरून बसला होता. महेकनं त्याला नाही म्हणून सांगितलं.

"मामूंना, चाचांना, सगळ्यांना सांगून झालंय! आता लोकांना काय सांगू मी?"

"अब्बा, मोटार न उघडता कुणी मिस्त्री होतो का?"

"माझ्या धंद्याचं नको सांगूस मला!" चांदचा आवाज फाटला. "मी पंचवीस वर्षं काळे हात केले ते तुझ्या नावाआधी डॉक्टर लागावं म्हणून. तिकडं नाही शिकवलं तर बाहेर शिक. डिग्री तर घे!"

"आणि तोवर समोर कुणी आलं तर?"

चांदनं फॉर्मची घडी केली आणि खिशात घातली. फाडला नाही. पाच वाजून गेले तरी तो खुर्चीतून उठला नाही. सौदा मोडला म्हणून प्लॉट घेणाऱ्यानं पुढं इसाराच्या दुप्पट पैसे वसूल केले. महेकशी चांद महिनाभर कामापुरतंच बोलत होता.

प्रवेशाच्या पुढच्या फेऱ्यांत काहीच हाती लागलं नाही. महेकनं जुन्नरच्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातलं आणि तिसऱ्यांदा नीटचा अभ्यास सुरू केला. डिसेंबरात तिच्या क्लासमधल्या हर्षालीचा एप्रन घातलेला फोटो मोबाईलवर आला. मागं दगडी हत्ती होते. महेकपेक्षा चाळीस मार्क कमी असलेली मुलगी होती ती.

महेक दुकानात आली आणि आईसमोर मोबाईल धरून उभी राहिली.

"अम्मी, आपण चुकलो का गं?"

त्या मजुराच्या बोटांचं पुढं काय झालं, ते अनवरीला कधी कळलं नव्हतं. पोरीचं काय होणार तेही तिला कळत नव्हतं. खोटा धीर द्यावा असं क्षणभर तिच्या मनात आलं.

"माहीत नाही बेटा," ती म्हणाली, आणि महेकला शेजारी बसायला जागा करून दिली.