खांबाखालचा गूरिया

"बेथरुम्मानच्या लोकहो, जगाचा शेवट दक्षिणेकडून निघाला आहे!"

खांबावरून अबहायबाबा गरजले आणि खाली माथी टेकून बसलेल्या गर्दीतून हुंदका फुटला. आकाशाची घडी होईल, विहिरींना रक्त लागेल, घोड्यांच्या नाकपुड्यांतल्या धुराने सूर्य झाकून जाईल, असं बाबांनी सांगितलं. मग ते दम घ्यायला थांबले आणि कठड्यावरून वाकून जरा खालच्या पट्टीत म्हणाले, "आणि गूऱ्या, तोवर मसुरीत कांदा घालू नकोस. छातीत जळजळतं."

गूरियाने मान डोलावली. कांद्याचं वाक्य बऱ्याच जणांच्या कानावर पडलं होतं, पण घरी पोचेपर्यंत ते कोणाच्याच लक्षात राहिलं नाही. धूर मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिला.

गूरियाचं लग्न झालं त्याच्याही आधीपासून बाबा तप म्हणून खांबावर उभे होते. आमच्या गावाच्या वेशीबाहेर, डाळिंबांच्या बागा संपतात तिथे तो खांब आहे. माथ्यावर माणूस जेमतेम आडवा होईल एवढी जागा, भोवती कठडा, आणि कठड्याला एक चाक. चाकावरून दोर टाकलेला. दोराला टोपली बांधायची, वर ओढायची, काही वेळाने खाली घ्यायची, हे गूरियाचं काम. खांबाच्या पायाशी जमलेली धूळ तेलापाण्यात मळून तिच्या गोळ्या करायच्या, हे दुसरं. त्याला आमच्याकडे हन्नाना म्हणतात. ताप, वांझपण, गुरांची खरूज, सगळ्यावर तेच. औषध बाबांचं, मळणारे हात गूरियाचे. कोणी बरं झालं की नाव बाबांचं व्हायचं, आणि नाही झालं की लोक गूरियाकडे बघायचे. त्याची त्याबद्दल तक्रार नव्हती.

त्या वर्षी सम्राटाची फौज दक्षिणेत एका नदीकाठी मोडली आणि वाळवंटातले लोक वर सरकू लागले. त्यांच्यापुढे पळणारी माणसं आमच्या गावावरून जायची. जो जितक्या लांबून आलेला, त्याला तितकं जास्त ठाऊक असायचं. त्यांचे घोडे मांस खातात, असं एकाने सांगितलं. दुसऱ्याने सांगितलं की ते झोपतच नाहीत. तिसरा काहीच बोलला नाही, नुसता रडला, आणि त्याचीच भीती सगळ्यांत जास्त वाटली. गूरियाची बायको शमूनी तेवढी म्हणायची की हे तेच लोक ना, जे दर वसंतात मेंढ्या विकायला येतात? गेल्या साली घेतलेली लंगडी निघाली. पण रात्री दाराला अडसर तीच दोनदा तपासायची.

नगरप्रमुख सर्गोना याने सभा घेतली. त्याचा तेलाचा घाणा होता, त्यामुळे त्याचा आवाज मोठा होता. तटावर शेवटचा माणूस पडेपर्यंत लढायचं असं ठरलं. मात्र तोवर वेशीचं दार लावायचं नाही, असंही ठरलं, कारण मेंढ्या व्यायला आल्या होत्या आणि चारा बाहेरून आणावा लागे. मग बाबांचाच उपयोग करायचं एकाला सुचलं. एवढ्या उंचीवरून दक्षिणेची धूळ सगळ्यांच्या आधी त्यांनाच दिसणार. प्रार्थनेच्या वेळी चर्चमध्ये ठोकतात तशी एक लाकडी फळी आणि हातोडा टोपलीतून वर चढवला गेला. फळी वाजली की दारवान हालफाय दार लोटणार. बाबा लगेच तयार झाले. जगाचा शेवट पहिल्यांदा आपल्याला दिसावा, हे त्यांना रास्तच वाटलं.

बागांतली, शेतांतली सगळी माणसं तटाच्या आत गेली. शमूनी गाठोडं घेऊन खांबापाशी आली.

"चला," ती म्हणाली.

"आणि बाबा?"

"त्यांना खाली उतरायला सांगा."

गूरियाने ते आधीच सांगून पाहिलं होतं. मेल्याशिवाय खाली पाय लावणार नाही असा आपला नवस आहे, असं बाबांनी वरून कळवलं. शिडीवर गुडघे टिकत नाहीत, हेही त्याच स्वरात कळवलं.

"नवस त्यांचा आहे," शमूनी म्हणाली. "तुम्ही केला होता का?"

"नाही."

"मग?"

"टोपली कोण ओढणार?"

शमूनीने गाठोड्याची गाठ सोडली. "फळी वाजली की पळत यायचं. मागे वळून बघायचं नाही, जोडा सुटला तरी थांबायचं नाही. मी दारापाशी उभी राहीन. कबूल?"

"कबूल."

"आणि हालफायने दार तुमच्या तोंडावर लावलं, तर त्याचं काय करायचं ते मी बघते." मग गाठोड्यातली भाकर काढून तिने त्याच्या हातात कोंबली आणि एकदाही न वळता निघून गेली.

पुढचे दिवस गूरियाने खांबाला पाठ लावून काढले. भीती अशी की बागेत पिकलं डाळिंब पडलं तरी तो उठून उभा राहायचा. आणि डाळिंबांचा हंगामही नव्हता, म्हणजे काय पडलं हे त्याला कधीच कळलं नाही. वर बघितलं की कठड्यावरून खाली लोंबणारी बाबांच्या कांबळ्याची कड तेवढी दिसायची. ती वाऱ्याने हलली की त्याला धीर यायचा.

त्यातच ईस्टरआधीचे मोठे उपास लागले. पहिल्या आठवड्यात बाबा दर साली अन्न आणि वाचा दोन्ही सोडत, हे शेंबड्या पोरालाही माहीत. गूरिया नेमाने टोपली वर ओढायचा, थांबायचा, खाली घ्यायचा. टोपली भरलेलीच यायची. रीतच ती. मग आठवड्यातून एकदा वर जाणारी पाण्याची पखालही तशीच्या तशी खाली आली आणि गूरियाला गहिवरून आलं. यंदा बाबांनी पाणीही सोडलं होतं.

मसूर आणायला तो वेशीपाशी गेला तेव्हा त्याने ही गोष्ट हालफायला सांगितली. दुपारपर्यंत ती गावभर झाली. असा उपास आजवर कोणी केला नाही, असं सर्गोना म्हणाला. ज्या गावासाठी असं तप चाललंय त्या गावाच्या केसाला धक्का लागणार नाही, असं धर्मगुरूंनीही सांगितलं. तटावरची माणसं एकेक करून खाली उतरली. शमूनीने फक्त विचारलं, "पाणीसुद्धा नाही?" गूरिया अभिमानाने म्हणाला, "थेंब नाही."

आणि एका सकाळी, उन्हं चढताना, गूरियाला दक्षिणेकडे धूळ दिसली.

ती धूळ नसणार, हा त्याचा पहिला विचार. असती तर फळी वाजली असती. त्याने वर बघितलं. कांबळ्याची कड हलत होती. धूळ रुंद झाली. तिच्यात काळे ठिपके आले, ठिपक्यांना पाय फुटले. "बाबा," त्याने हाक मारली, "फळी!" वरून काही आलं नाही. पळावंसं वाटत होतं, पण फळी वाजल्यावर पळायचं असं ठरलं होतं, आणि फळी वाजली नव्हती. माणूस आयुष्यभर दुसऱ्याच्या खुणेवर दोर ओढत आला की असं होतं.

शमूनी दारापाशी उभी असेल, एवढंच त्याच्या मनात येत होतं. फळीच्या आवाजाकडे कान लावून.

स्वार आले आणि खांबापासून बरेच लांब थांबले. त्यांनी ढाली डोक्यावर धरल्या होत्या. पुढे उंटावर एक उन्हाने काळवंडलेला, दाढी पिकलेला माणूस होता. आमची भाषा तो बाजारातल्यासारखी मोडूनतोडून बोलत होता.

"वर कोण आहे?"

"बाबा," गूरिया म्हणाला.

"धनुष्य आहे त्याच्याकडे?"

"नाही. उपास आहे."

हे उत्तर उंटावरच्याने मागे सांगितलं. मागे कुजबुज झाली, ढाली काही खाली आल्या नाहीत. त्याला हात दाखवायला सांग, असा हुकूम आला. बाबांचं मौन आहे, असं गूरियाने सांगितलं. मग तू वर जा, असं उत्तर आलं.

गूरिया वर कधीच गेला नव्हता. प्रसाद द्यायला धर्मगुरू चढत, ती शिडी काटेरी झुडपांत पडली होती. त्याने ती लावली. चढताना खालून बाण येईल अशी पाठ सारखी सांगत होती. निम्म्यावर त्याने डोळे मिटले आणि हातांनी पायऱ्या शोधत गेला.

बाबा कठड्याला टेकून बसले होते, तोंड दक्षिणेकडे. हातोडा मांडीवर होता. डोळे उघडे होते, पण त्यांत धूळ साचली होती. शेजारच्या वाडग्यात मसूर वाळून दगड झाली होती. ती शेवटची, कांदा न घातलेली. उपास लागायच्याही आधीची.

गूरिया त्यांच्याजवळ गुडघ्यांवर बसला. इतक्या वर्षांत त्याने बाबांचं तोंड एवढ्या जवळून पाहिलं नव्हतं. वाटलं होतं त्यापेक्षा ते फार लहान होतं.

मग त्याने पलीकडे बघितलं. वेशीचं दार सताड उघडं होतं. हालफायचं स्टूल रिकामं होतं, दारात एक बकरी उभी होती, आणि बकरीच्या शेजारी, हात डोळ्यांवर धरून, शमूनी. त्याने हातोडा उचलला. फळी हाताशी होती. वाजवली असती तर हालफाय कुठूनतरी धावत आला असता, दार कदाचित लागलं असतं, आणि पहिला बाण गूरियाला लागला असता. मागाहून सर्गोनाला शेवटच्या माणसापर्यंत लढावं लागलं असतं, ज्याची त्याला बिलकूल सवय नव्हती.

त्याने खाली बघितलं. स्वार थोडेच होते. घोड्यांच्या खुरांना चिंध्या बांधल्या होत्या. एक जण घोड्याच्या मानेवर पडून झोपला होता. बाकीचे ढालींखालून वर बघत होते, आणि त्यांच्या तोंडावर जे होतं ते गूरियाने लगेच ओळखलं, कारण कितीतरी दिवस ते तो स्वतःच्या पोटात वागवत होता.

त्याने हातोडा हळूच खाली ठेवला. बाबांच्या पापण्या मिटल्या, कांबळं खांद्यांवरून नीट ओढलं, आणि वाकून सांगितलं, "बाबा गेले."

एकेक करून ढाली खाली आल्या.

आता आमच्याकडे सांगतात की बाबांनी हात उगारला आणि शत्रूचे घोडे जागच्या जागी थिजले. त्यांच्याकडे सांगतात म्हणे की त्यांनी एक आरोळी दिली आणि बेथरुम्मानचं दार आपोआप उघडलं. दुपारी सर्गोना डफ वाजवणाऱ्यांना घेऊन वेशीबाहेर आला, आणि चर्च तुमची, कर आमचा, असा करार डाळिंबाच्या झाडाखाली झाला, हे दोन्हीकडे सांगत नाहीत. डफवाले सकाळपासूनच तयार कसे होते, हे तर कोणी विचारतही नाही.

गूरिया शिडी उतरला तेव्हा यातलं काहीच झालेलं नव्हतं. तो खांबाच्या पायाशी बसला. दोराचं टोक हातात घेतलं, आणि त्याचं आता काय करायचं ते न कळून धरून राहिला. दाढीवाला उंटावरून उतरला, खांबापुढे थोडा वेळ मान खाली घालून उभा राहिला. मग उंटाला जवळ ओढून त्याची मांडी दाखवली. तिथले केस गेले होते, कातडी चिरली होती. माणसाने मागे बघितलं, आपले लोक ऐकत नाहीत याची खात्री केली आणि गूरियाच्या शेजारी उकिडवा बसला.

गूरियाने दोर खाली ठेवला. मूठभर धूळ ओंजळीत घेतली, तेलाच्या बुधलीचं बूच काढलं आणि मळायला लागला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, तेही त्यातच पडत होतं.

माणूस ओंजळीवर वाकला. मग हळूच म्हणाला, "काका, तेल जरा जास्त घाला. मागच्या वेळी दिलंत ते वाळून पडलं."