फ्रीजवरून पडलेला लॅपटॉप

पडलेला लॅपटॉप आणि आपटलेला लॅपटॉप यांतला फरक मी डोळे मिटून सांगेन. पडलेला एका कोपऱ्यावर पडतो. तो कोपरा चेपतो, फार तर बिजागरी निखळते. आपटलेला मधोमध वाकतो, कारण कुणीतरी त्याला दोन्ही हातांनी धरलेलं असतं. गोखिवऱ्यात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. आधी कॉम्प्युटर, मग लॅपटॉप, असं करत दोन हजार सात साली मला या धंद्यात अकरा वर्षं झाली होती. गिऱ्हाईक काय सांगतं यावर मी कधी भरवसा ठेवला नाही. तरी पावतीवर ‘बिघाडाचं कारण’ असा रकाना आहे आणि त्यात गिऱ्हाईक सांगेल तेच लिहायचं, अशी माझी रीत.

विनिता सोमवारी सकाळी आली. मागच्याच गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर राहायची. अमेरिकेतले डॉक्टर पेशंटबद्दल बोलून रेकॉर्ड करून पाठवतात, ते ऐकून टाईप करायचं काम ती घरून करायची. वरचा ओठ सुजून निळा झाला होता आणि ती तोंड फारसं न उघडता बोलत होती. चादरीत गुंडाळलेला लॅपटॉप तिने काउंटरवर ठेवला.

“फ्रीजवरून पडला.”

मी चादर सोडली. लॅपटॉप मधोमध वाकला होता.

“आणि तुम्ही?”

“मी बाथरूममध्ये.”

एकाच दिवशी दोघंही पडले, म्हणजे घरालाच उतार असावा. पण हे मी बोललो नाही. पावतीवर ‘फ्रीजवरून पडला’ असं लिहिलं आणि मशीन पालथं केलं.

“दुरुस्त होईल, की नवीनच घ्यावा?” तिने विचारलं.

“खरं सांगू? स्क्रीन गेलाय, कीबोर्ड गेलाय, बोर्डाला चीर आहे. डिस्क तेवढी धड आहे. एवढा खर्च करण्यापेक्षा नवीन घ्या.”

“मिस्टर पण तेच म्हणतात,” ती म्हणाली. “प्रत्येक वेळी म्हणतात. मिक्सर नवीन आला, टीव्ही नवीन आला, फोन तर तिसरा आहे. या एकदा घर बघायला. आमच्याकडे जुनं काही टिकतच नाही, शेजारणी जळतात माझ्यावर.” मग तिचा आवाज खाली आला. “हा मी माझ्या पगारातून घेतलाय. नवीन आला तर पासवर्ड मिस्टरांचा असेल.”

मग तिने उरलेलं सगळं सांगितलं. पुण्याच्या एका कंपनीने तिला चाळीस फायलींची परीक्षा दिली होती. चाळीसच्या चाळीस टाईप करून झाल्या होत्या, फक्त पाठवायच्या राहिल्या होत्या. कंपनीचं सॉफ्टवेअर याच डिस्कवरून, याच मशीनवरून चालायचं, दुसऱ्या कुठल्या नाही. शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत सगळ्या पोचल्या की पुण्याच्या ऑफिसात कायमची नोकरी आणि राहायला खोली.

“मी जाणार आहे,” ती म्हणाली. “एकटी.”

“शनिवारी बाराला घेऊन जा,” मी म्हणालो.

मंगळवारी मी कीबोर्ड उचलला. बटणांच्या खाली वाळलेलं रक्त होतं, आणि रक्तात एक दाताचा तुकडा. पुढचा दात, अर्धा. मी तो चिमट्याने उचलून दिव्याखाली धरला. फ्रीज नाही, बाथरूम नाही. तो लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलून तिच्या तोंडावर हाणला होता. माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर मी लाकडी बाकात इतका खोल खुपसला की पक्कडीने ओढून काढावा लागला. सांडोरच्या आमच्या घरात माझा राग प्रसिद्ध आहे. माझी आई म्हणायची, लुईस पाळण्यातसुद्धा मुठी आवळून झोपायचा.

आता माझ्या दुकानाचा एक नियम सांगायला हवा. पूर्वी एकदा एका बाईची नाकातली चमकी कीबोर्डमध्ये गेली होती आणि मी ती नकळत कचऱ्यात झाडली. तिच्या नवऱ्याने मला चोर म्हटलं. मी त्याच्या कानफटात दिली. त्याने माझी कॉलर धरली आणि शेवटी माझ्या काउंटरची काच फुटली, तीही त्याच्या कपाळाने. तेव्हापासून मशीनमध्ये जे सापडेल ते, टाचणी असो, नाणं असो की मेलेलं झुरळ, छोट्या प्लास्टिकच्या पाकिटात घालून पावतीला स्टेपल करायचं आणि गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. दातही मी पाकिटात घातला. विनिताच्या हातात गुपचूप देईन, असं ठरवलं होतं.

शनिवारी बाराला विनिता आली नाही, तिचा नवरा आला. जयवंत. मुंबईत विमा कंपनीत होता, शनिवारी सुट्टी. इस्त्रीचा शर्ट, एका हातात पावती, दुसऱ्या हातात बेकरीचा खोका. उजव्या हाताच्या बोटांवर खपल्या होत्या.

“मिसेसचा लॅपटॉप,” तो म्हणाला. “मी म्हणत होतो नवीन घे, पण तिचा जीव यातच अडकलाय. म्हटलं, आपणच घेऊन जावा. केक पण घेतलाय. तेवढंच तिला बरं वाटेल.”

तो खरंच समेट करायला निघाला होता, हे मला दिसत होतं. पाकीट काढून खिशात टाकायला मला एक क्षण पुरला असता. पण त्या खपल्यांकडे बघून माझं डोकं फिरलं. याला कळू दे, असं मला वाटलं. कुणालातरी माहीत आहे हे या साल्याला कळू दे. मी पाकीट वर करून त्याच्या डोळ्यांसमोर धरलं.

“आत सापडलेलं सगळं आम्ही परत करतो. नीट बघून घ्या.”

त्याने बघितलं. त्याचे कान लाल झाले. पाकीट शर्टाच्या खिशात घातलं, पैसे दिले, “थँक यू” म्हणाला आणि लॅपटॉप काखेत मारून गेला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मी शीळ घालत बाक पुसला.

दीड वाजता माझी बायको क्लेमेंटीन डबा घेऊन आली. मी तिला सगळं रंगवून सांगितलं. तिने डब्याचं झाकण अर्धवट उघडं ठेवलं.

“अरे देवा, लुईस! तू दात त्याच्या हातात दिलास?”

“मग? कळू दे ना त्याला.”

“त्याला कळून तिचं काय भलं होणार हाय? तो तुझ्यावर हात टाकणार हाय का? सगळा राग तिच्यावरच निघणार!” तिने कपाळाला हात लावून क्रूस केला. “धाव! बघतोस काय माझ्याकडे?”

मी धावलो. इमारतीच्या पहिल्या मजल्यावरच आवाज ऐकू आला. चटका बसावा तसा एकेक फटका, आणि मध्ये त्याची आरडाओरड. दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवला. तिसऱ्या मजल्यावर मी दाराला तीन वेळा खांदा दिला तेव्हा कडी तुटली.

केकचा खोका जमिनीवर तुडवलेला होता. विनिता टेबलावर ओणवी झाली होती, दोन्ही हातांच्या कवेत लॅपटॉप. जयवंत कमरेच्या पट्ट्याने, बक्कल पुढे धरून, तिच्या पाठीवर मारत होता. ब्लाउज फाटला होता, पाठ रक्ताने भरली होती.

“काय सांगितलंस दुकानदाराला? बोल! अजून कुणाकुणाला सांगितलंस?”

तिचे डोळे स्क्रीनवर होते. फायली जात होत्या. चाळीसपैकी एकतीस पोचल्या, असं तिथे लिहिलेलं होतं आणि बत्तिसावीची पट्टी हळूहळू पुढे सरकत होती.

मी जयवंतला मागून ओढून उताणा पाडला. तो उठला आणि त्याने बक्कल माझ्या भुवईवर मारलं. एका डोळ्यात रक्त उतरलं. मी त्याची मानगूट पकडली. अंगाने तो माझ्या निम्माही नव्हता.

“लुईसभाऊ, त्याला बाहेर न्या,” विनिता म्हणाली. हलली नाही ती जागेवरून. “मारू नका, फक्त बाहेर न्या. अर्धा तास धरून ठेवा.”

मी नेऊ शकलो असतो. जिन्यावर बसवून, वर मी बसून राहिलो असतो, तरी झालं असतं. पण तेवढ्यात तो माझ्याकडे बघून हसला.

मी हाताला लागेल ते उचललं. उचललं कसलं, तिच्या कवेतून हिसकावलं. दोन्ही हातांनी धरलं आणि त्याच्या डोक्यात घातलं. एकदा, मग परत, मग परत. तो खाली बसला तरी मी थांबलो नाही.

“लॅपटॉप सोडा!” ती किंचाळली. “लुईसभाऊ, लॅपटॉप!”

मला ऐकू आलं होतं. पोलिसांना मी सांगितलं की रागाच्या भरात कानावर काही आलं नाही, पण ते खोटं आहे. नीट ऐकू आलं होतं. आणखी दोनदा मारावंसं वाटत होतं, म्हणून मारलं. तिच्यासाठी जी दारं उघडली नव्हती ती त्याच्यासाठी उघडली, आणि पाच-सहा पुरुषांनी मिळून मला बाजूला काढलं.

मी दोन दिवस कोठडीत काढले. त्याला नऊ टाके पडले. पुढे जयवंतच्या आणि विनिताच्या नातेवाइकांनी घरातली गोष्ट म्हणून मिटवून टाकली.

दहा दिवसांनी विनिता दुकानात आली. ओठ बरा झाला होता, पुढच्या दातात फट होती. तीच चादर तिने काउंटरवर ठेवली.

“पुण्याचं काय झालं?” मी विचारलं.

“एकतीस फायली पोचल्या. त्यांना चाळीस हव्या होत्या.”

“मग आता?”

“आता काय? तो रजेवर आहे. चक्कर येते त्याला, जेवण हातात द्यावं लागतं. नवीन लॅपटॉप आलाय घरी, पासवर्ड त्याचाच आहे.” तिने चादर माझ्याकडे सरकवली. “कंपनीला फोन केला होता. उरलेल्या नऊ मिळाल्या तर अजून विचार करतील म्हणाले. डिस्क वाचली असेल तर बघा.”

मी मशीन उघडलं. जिथे मी सरळ केलं होतं तिथेच ते पुन्हा वाकलं होतं, आधीपेक्षा जास्त. डिस्क काढून माझ्या मशीनला जोडली. टक, टक, टक, असा आवाज आला आणि बंद पडला. पुन्हा जोडली, पुन्हा तेच. तिच्या तोंडावर आपटली तेव्हा ही डिस्क वाचली होती. जयवंतच्या हातून वाचली होती.

“गेली,” मी म्हणालो. वर बघायची मला लाज वाटली. “काही निघणार नाही.”

मी तुमचे पैसे परत देतो, नवीन लॅपटॉप मी देतो, असलं काहीबाही बडबडत मी पावतीपुस्तक ओढलं. तिचं नाव लिहिलं, तारीख लिहिली. ‘बिघाडाचं कारण’ या रकान्यापाशी पेन अडलं. मग मी तिथे ‘पडला’ असं लिहिलं.

तिने मान वाकवून ते उलटं वाचलं.

“फ्रीजवरून,” ती म्हणाली. “पूर्ण लिहा.”