पटसंख्या एक

आमच्या शाळेची पटसंख्या एक. ती मी. वर्ग जेवणाच्या टेबलावर आणि मुख्याध्यापिका आई. माझा नंबर नेहमी पहिला, आणि शेवटचाही माझाच. फळ्यावर बाईंचं वेडंवाकडं चित्र कोणी काढलं, याची चौकशी अर्ध्या मिनिटात आटोपते. पोट दुखतंय म्हणावं, तर सकाळी जे चापलं ते बाईंनीच वाढलेलं असतं! चहाडी करायची तर कोणाची करणार? असला कसला जन्म!

मला समोरच्या शाळेत जायचं होतं. प्रवेशाची मुदत शुक्रवारी संपत होती. अर्ज मी केव्हाच आणून ठेवला होता, पण आई हट्टाला पेटलेली. ती पूर्वी औषधांच्या कारखान्यात तपासनीस होती. पुराव्याशिवाय तिला काही पटत नाही.

"आपल्या शाळेत काय कमी आहे ते दाखव," ती म्हणाली. "लगेच भरते अर्ज."

मग मी शेजारच्या मुलीच्या हातापाया पडून त्या शाळेचं एक कोरं प्रगतिपुस्तक मिळवलं. "हे भर," आईला म्हटलं. "आणि पालकसभाही घे."

पालक म्हणून बाबा आले. ते घड्याळं दुरुस्त करतात आणि घरात फारसं बोलत नाहीत. त्या दिवशी मात्र इस्त्रीचा शर्ट घालून, दार वाजवून आत आले. "नमस्कार, बाई." आईला हसू आवरेना.

तिने भराभर लिहिलं. गणित, उत्तम. वाचन, उत्तम. अक्षर, कोंबडीचे पाय. मग पेन अडलं.

"बाई, हा रकाना रिकामा का?" बाबांनी विचारलं.

'वर्गातल्या मुलांशी वागणूक.' मी मनातल्या मनात टाळ्या पिटल्या.

आईने माझ्याकडे पाहिलं. "तुझी सगळ्यात जवळची मैत्रीण कोण गं?"

"तू."

आई एकदम खुलली.

"आणि हिच्याशी भांडण झालं की कोणाकडे जातेस?" बाबा म्हणाले.

याचं उत्तर मी तयार केलं नव्हतं. "बाथरूममध्ये," मी म्हणाले. "नळ सोडून बसते."

आईने त्या रकान्यात लिहिलं, 'संधी दिली नाही. चूक शिक्षिकेची,' आणि सही केली. बाबांनी पेन घेऊन पुढे जोडलं, 'पालकांचीही.'

आईने अर्ज पुढे ओढला. मी जिंकले होते. पण तिचं पडलेलं तोंड पाहून मला उड्या मारायचं सुचेना. मी भोकाडच पसरलं.